आरसेमहालीं डाव्या खांद्याचें प्रकरण जालें, त्याची बखर

श्री. जी सर्वांचें सर्व पाहते आणि कोणाचें कोणास सांगत नाहीं, त्या कुलस्वामिनीस नमन करून लिहितों. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरीं, दसऱ्याच्या तोंडावर राज्याच्या वस्त्रागारीं आरसेमहाल उभा राहिला आणि दारावर सरकारी फलक लागला, तो येणेंप्रमाणें: "हा आरसा अंग मोजतो, माणूस पाहत नाहीं. कापड बेतलें कीं मोजलेलें विसरतो. कोणाचें माप कोणास कळत नाहीं." तिन्ही वाक्यें खोटीं, परंतु अक्षर सुवाच्य, सबब रयतेनें मान डोलविली. आंत उभें राहिलें कीं अंगावरून निळा उजेड फिरे आणि भिंतीवर त्याच अंगाची उजेडाची पुतळी उभी राही. जो आरसा माणूस पाहत नाहीं त्यास पुतळी कशास लागते, हें कोणी पुसलें नाहीं. चोळी सैल जाली तर मुखत्यार गिरमाजीपंत अभिमानानें सांगत कीं, पुन्हा येण्याचें कारण नाहीं, आपली पुतळी ठेविली आहे. विसरणाराची स्मरणशक्ति ऐसी. आणि दारीं "मान्य" म्हटल्यावांचून प्रवेश नसे, आणि प्रवेशावांचून दसऱ्यास नवें वस्त्र नसे, मग सर्वांनीं मान्य केलें, आणि यासच राज्यांत संमति म्हणत.

तिसऱ्या वाक्याचें वर्तमान ऐसें जे, राजघराण्यांत दोघी जावा, थोरल्या सगुणाबाईसाहेब आणि धाकट्या मैनाबाईसाहेब. थोरल्या आरशापुढें गेल्या ते दिवशीं महाल रिकामा करविला, खिडक्यांस चादरी लाविल्या, आणि आपली पुतळी कोणी पाहूं नये म्हणोन पंतांकडून शपथेचा बेलभंडार उचलविला. देहाच्या गुपिताचा ऐसा कैवारी राज्यांत दुसरा जाला नाहीं. परंतु धाकटी दरबारीं आली कीं माना तिकडे वळत आणि थोरलीच्या घशाखालीं घास उतरत नसे. धाकटीचा डावा खांदा जन्मतः उतरता. माहेरची शिंपीण चोळींत कापूस भरून तो सारखा करी. नवऱ्यास ठाऊक असोन त्यानें कधीं तोंडावाटे काढिलें नाहीं. बाईस भय येवढेंच जे, कळलें तर पुढें लोक मला पाहणार नाहींत, खांदाच पाहतील.

मग थोरल्या पंतांकडे गेल्या आणि बोलिल्या, "माप नको, पंत. तिचें कांहीं उणें आहे काय, येवढेंच सांगा." पंतांनीं विचार केला जे, बेलभंडार थोरलीच्या पुतळीसाठीं उचलिला, धाकटीसाठीं कोणी उचलविला नाहीं, आणि म्हणाले, "बाईसाहेब तर घरच्याच. घरच्यांत कसलें आलें गुपित?" आणि धाकटीची पुतळी दाखविली.

त्या राज्याचा रिवाज ऐसा कीं, ओटींत खण घालावा तो बिनशिवला, कां कीं माप घालणारीचें. थोरल्यांस आनंदाचे भरांत रिवाजाचें भान राहिलें नाहीं. नवरात्रांत हळदीकुंकवास त्यांनीं धाकटीच्या ओटींत शिवलेली चोळी घातली, ती डाव्या खांद्यास कापूस भरून. घरच्या वडीलधाऱ्या आत्याबाईंनीं चोळी चांचपली आणि म्हणाल्या, "अगो, शिवलेली? हिचें माप तुला कोणी दिलें? आणि हा कापूस कसला?" मैनाबाईसाहेबांचा चेहरा उतरला, मग चोळी उचलून बोलिल्या, "जाऊबाई, बेत उत्तम. कापूस तेवढा आतां नको." आणि दसऱ्याचे दरबारीं कापसावांचून आल्या, खांदा होता तैसा, आणि माना पूर्वीहून अधिक वळल्या. मग दिवाळीपावेतों दरबारच्या झाडून साऱ्या बायका डावा खांदा टाकून चालूं लागल्या.

राजमातोश्रींनीं चौकशी बसविली. पंत म्हणाले, आरसा नियमाप्रमाणें विसरला, पुतळीच तेवढी राहिली. हा जबाब ग्राह्य धरून फलक मोठ्या अक्षरांत पुन्हा रंगविला.

तात्पर्य, त्या राज्यांत आपला पडदा सर्वांस प्रिय होता, पडदा कोणासच प्रिय नव्हता. सगुणाबाईसाहेबांची जबानी जाली, ती अक्षरशः: "माझी पुतळी कोणी पाहिली असती तर त्याचे डोळे काढविले असते. तिची पाहिली, कारण मला ती पाहवत नव्हती. आतां माझ्याही चोळींत कापूस आहे. उजव्या खांद्यास, डावा उतरता दिसावा म्हणून."