अस्सल कॅनडाचे मासे

परवान्याच्या बाबतीत मला कोणी काही शिकवू नये. आमच्या काउंटीत घर बांधणाऱ्यांना सांडपाण्याच्या टाकीचा परवाना मी देतो. माझ्या सहीशिवाय उत्तर मिनेसोटाच्या या कोपऱ्यात कोणाचंही काहीही वाहून जात नाही. त्यामुळे यंदा कॅनडाच्या सहलीचे परवाने कोण काढणार, हा प्रश्न निघाला, तेव्हा उत्तर टेबलापाशीच बसून केक खात होतं. फक्त ते कोणाला दिसत नव्हतं.

"मी काढतो ना," मी म्हणालो.

"नको रे, तुला कशाला त्रास," सासरे म्हणाले.

"त्रास कसला, बाबा? माझं रोजचंच काम आहे."

"नको, नको. बघू आपण काहीतरी."

"काढतोच मी!"

"बरं. अगदीच म्हणतोस तर काढ."

आमच्याकडची ही रीत आहे. कॉफी असो, केक असो की मूत्रपिंड, पहिल्यांदा देऊ केलं की 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'नको, नको' म्हणायचं आणि तिसऱ्यांदा निमूट घ्यायचं. तिसऱ्यांदाही नाही म्हणणारा माणूस आमच्या गावात नाही. दिसलाच तर तो शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातून आलेला असतो.

आता हे परवाने मला एवढे का हवे होते, ते सांगतो. सासऱ्यांची एक नाव आहे. अॅल्युमिनियमची, सोळा फुटी, मागे मोटर. माझे सासरे हॅल्वर एंगब्रेटसन यांनी आयुष्यात जी माणसं आणि वस्तू जपल्या त्यांत या नावेचा नंबर पहिला लागतो. सासूबाईंचा दुसरा असावा, पण त्यांनी कधी विचारलं नाही. यंदा सासऱ्यांचे गुडघे बोलायला लागले, आणि त्यांनी जाहीर केलं की ही त्यांची शेवटची सहल. परतल्यावर चर्चमध्ये मासळीचं जेवण असतं, त्या दिवशी नाव कोणत्या जावयाला द्यायची ते सांगणार.

जावई दोन. एक मी, वेंडेल. दुसरा माझा साडू ड्वेन. ड्वेन बर्फ काढायचे ट्रक चालवतो, मोटर दुरुस्त करतो, आणि सासऱ्यांसारखाच दिवसाला चार वाक्यं बोलतो. साहजिकच सासऱ्यांना तो हुशार वाटतो. लग्न झाल्यापासून मी या सहलीत मधल्या फळीवर बसतो. तिथे गुडघे कानाला लागतात, आणि पुढच्याचं सँडविच मागे व मागच्याचा गळ पुढे देणं एवढंच काम असतं. मला मागे बसायचं होतं. मोटरपाशी. माणसाच्या फार मोठ्या अपेक्षा नसतात.

सासऱ्यांचं एक तत्त्व आहे. मासा खायचा तर कॅनडाचा. "आपल्याकडच्या वॉलाय माशाला चिखलाचा वास येतो," ते म्हणतात. "मासा तोच, पण सरहद्दीपलीकडचं पाणी वेगळं." या तत्त्वापायी आमच्या घरात मिनेसोटाचा मासेमारी परवाना कधी कोणी काढला नाही. दहा हजार तळ्यांच्या राज्यात हे म्हणजे घरात कोट न बाळगण्यासारखं आहे. लोक काही म्हणत नाहीत. पण बघतात.

कॅनडाचे परवाने सासरे दरवर्षी वाटेतल्या गांडुळं विकणाऱ्या दुकानातून घ्यायचे. यंदा ते दुकान बंद झालं, आणि सगळं आलं संगणकावर. म्हणजे माझ्या अंगणात!

मी कामाला लागलो. मासे धरण्याचा परवाना, तो मिळण्याआधी लागणारं ओळखपत्र, नाव धुऊन वाळवल्याचा दाखला आणि नाव चालवता येत असल्याचा दाखला. हा शेवटचा सासऱ्यांच्या नावाने काढायचा होता, आणि त्यासाठी परीक्षा होती.

"समोरून येणाऱ्या नावेचा लाल दिवा दिसला तर काय कराल?" मी वाचून दाखवलं.

"तो कोण आहे त्यावर आहे," सासरे म्हणाले.

"बाबा, चार पर्याय दिलेत."

"त्यात ओळखीचा कोणी आहे का?"

ते पास झाले. कसे, ते मी सांगणार नाही. मी सरकारी नोकर आहे.

सगळे कागद मी प्लास्टिकमध्ये बंद केले, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घातले आणि पिशवी गळ्यात अडकवली. माझी बायको मार्लिस म्हणाली, "किंडरगार्टनच्या मुलांना पत्ता असा अडकवतात." मी दुर्लक्ष केलं. सरहद्दीवर कळलंच असतं कोण किंडरगार्टनचं ते.

सहलीच्या दिवशी पहाटेच सरहद्दीवर कॅनडाच्या अधिकारी बाई खिडकीतून वाकल्या.

"कुठे निघालात?"

"मासे धरायला." मी पिशवीची चेन उघडली.

"आमिष म्हणून जळवा, जिवंत मासळी, मातीतली गांडुळं?"

"एकही नाही! मी स्वतः तपासलंय. आणि हे आमचे..."

"ते माझं काम नाही. आणखी काही सांगायचंय?"

हा प्रश्न त्यांनी एका लुथरन, म्हणजे आमच्या चर्चच्या पापभीरू माणसाला विचारायला नको होता. सासरे गाडी चालवत होते. त्यांनी विचार केला आणि सांगायला सुरुवात केली. मार्लिसने भाजून दिलेली बटाट्याची हॉटडिश, तिच्यातला कांदा, स्वतःची कवळी, ड्वेनची खोकल्याची गोळी, मागच्या वर्षी इथून चुकून नेलेला चमचा. मागे गाड्यांची रांग लागली.

"काका," बाई म्हणाल्या, "चमचा ठेवा. पुढे व्हा."

बस! एवढंच! माझ्या पिशवीकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. नवरदेवाला घोड्यावर बसवून वरात परस्पर दुसरीकडे जावी, तसं मला वाटलं.

"झकास झालं की काम," ड्वेन म्हणाला. त्याचं त्या दिवसाचं पहिलं वाक्य.

आम्ही उतरतो तो कॅम्प कॅनडाच्या किनाऱ्यावर आहे. सरोवर अर्धं त्यांचं, अर्धं आमचं. मध्ये सरहद्द आहे, पण पाण्यावर रेघ ओढलेली नसते. त्याची गरजही नव्हती. सासऱ्यांचा एक खडक आहे. कॅम्पहून निघायचं, गरुडाच्या घरट्याच्या बेटाला वळसा घालायचा, आणि मग सासऱ्यांनी डोळे बारीक करून 'इथे' म्हटलं की नांगर टाकायचा. मार्लिस लहान होती तेव्हापासून या कुटुंबाने दुसरीकडे गळ टाकलेला नाही. त्या खडकापाशी मासे अक्षरशः ओळीत उभे असतात. सासरे म्हणतात, कॅनडातले मासेसुद्धा शिस्तीचे.

दुपारपर्यंत आम्ही नियमात बसतील तेवढे मासे धरले. ड्वेन पुढे टोपी तोंडावर घेऊन झोपला. सासरे मोटरपाशी बसून तळ्याकडे समाधानाने पाहत होते.

"वाईट नाही," ते म्हणाले.

आमच्याकडे यापुढे कौतुकाला शब्द नाहीत. मला वाटलं, आता मोटर माझीच!

आणि तेवढ्यात दूरवर सरकारी नाव दिसली. निरीक्षकाची! हिरवा गणवेश, निवांत वेग, कोणाला तरी तपासायला निघालेली. मी हरखलो. एवढे कागद, एवढं प्लास्टिक, आणि ती नाव चालली होती भलतीकडेच. मी मधल्या फळीवर उभा राहिलो आणि दोन्ही हात हलवायला लागलो.

"हात खाली कर," ड्वेन टोपीखालून म्हणाला. दुसरं वाक्य.

"का? आपल्याला लपवायचंय काय?"

नाव वळली. जवळ आली. आत तिशीतली एक मुलगी होती, ओळखीच्या सुरात बोलणारी, नाकावर ऊन लागलेलं.

"सगळं ठीक ना? बुडत नाही ना कोणी?"

"नाही, नाही! आमचे परवाने बघायचे असतील ना?"

"नको, राहू दे. मला धक्क्यावर जायचंय."

"अहो, तयार आहेत. बघा तरी!"

"नको, नको. काकांचा चेहराच सांगतोय. चालू द्या तुमचं."

तिने मोटर सुरूही केली होती. इथे शहाणा माणूस खाली बसला असता.

"बघाच!" मी पिशवी पुढे करत म्हणालो.

तिसऱ्यांदा! तिचा हात मोटरवरून निघाला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, की ज्यांना तिसऱ्यांदा नाही म्हणता येत नाही, ती आमच्याकडची माणसं.

"बरं," ती म्हणाली. "अगदीच आग्रह आहे तर."

तिने एकेक कागद उलटून पाहिला. खरं सांगतो, तिच्या चेहऱ्यावर आदर होता.

"नाव धुतल्याचा दाखलासुद्धा! असे नीट कागद मी अजून पाहिले नाहीत."

मी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी ऐकल्याचं मला दिसलं.

"आणि मिनेसोटाचे?" तिने विचारलं.

"मिनेसोटाचे कशाला?"

"तुम्ही मिनेसोटात आहात म्हणून."

नावेच्या तळाशी एका माशाने शेपटी आपटली.

"हे कॅनडा आहे, मुली," सासरे शांतपणे म्हणाले. न्यूझीलंडच्या माणसाला न्यूझीलंड कुठे आहे ते समजावून सांगावं, तसे.

"नाही, काका. सरहद्द त्या गरुडाच्या बेटामागे. तुम्ही ती ओलांडून बरेच आत आलात." तिने आपल्या यंत्राचा पडदा वळवून दाखवला. एक रेघ होती. आमचा ठिपका तिच्या अलीकडे, मिनेसोटाच्या पोटात जाऊन बसला होता.

"यंत्र बिघडलंय," सासरे म्हणाले.

"असेल. पण माझी नाव मिनेसोटाची आहे, गणवेश मिनेसोटाचा आहे, आणि मी सकाळी घरून निघाले तेव्हा आई म्हणाली नाही की परदेशी चाललीस."

"आम्ही इथे मार्लिस लहान असल्यापासून येतो!"

"दरवर्षी?" तिने काळजीने विचारलं.

लुथरन माणसाला प्रश्न विचारू नये म्हणतात तो असा. सासरे सगळं सांगतील या भीतीने मी घाईघाईने म्हणालो, "कॉफी घेणार का?"

"नको," ती म्हणाली, आणि तिचं लक्ष दोराकडे गेलं. "नांगर टाकलाय का तुम्ही?"

"हो! घट्ट!" मी अभिमानाने सांगितलं. नांगर मी टाकला होता.

"मग अवघड झालं. सकाळी कॅनडातून निघून इथे नांगर टाकलात, म्हणजे तुम्ही देशात प्रवेश केलात. फोन करून कळवायला हवं होतं."

"कोणत्या देशात?"

"आपल्या."

ड्वेनने टोपी काढली आणि माझ्याकडे पाहिलं. उरलेली दोन्ही वाक्यं त्याने त्या दिवशी वापरली नाहीत. मला वाटतं, अजून साठवून ठेवली आहेत.

मुलगी भली होती. प्रवेशाचं तिने डोळ्याआड केलं, फक्त फोन लावून कळवायला लावलं. पलीकडच्या साहेबाला मी सांगितलं, की आम्ही तिघं अमेरिकन अमेरिकेत आलोय. त्याने बराच वेळ मला थांबायला सांगितलं. तेवढ्यात मुलीने दंडाच्या पावत्या लिहिल्या, तिसऱ्या आग्रहाला अर्धा कप कॉफी घेतली, हॉटडिश छान असल्याचं सांगितलं, आणि सगळे मासे जप्त केले. जाताना म्हणाली, "कागद मात्र फारच छान होते हं."

परतताना सासरे बोलले नाहीत. कॅम्पवरही बोलले नाहीत. सरहद्दीवर त्याच बाईंनी विचारलं, "काही मिळालं का?" आणि सासरे म्हणाले, "नाही." त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत छोटं जाहीर निवेदन. घराच्या वळणावर त्यांनी गाडी थांबवली आणि समोर बघत म्हणाले, "खडक कॅनडात आहे."

"हो, बाबा," मी म्हणालो.

ड्वेनने मान हलवली.

राहता राहिलं चर्चचं जेवण. बाहेर पाटी लागून गेली होती: 'हॅल्वर एंगब्रेटसन यांनी आणलेले अस्सल कॅनडाचे मासे.' तीस-चाळीस माणसं येणार आणि माशाचं खवलंसुद्धा नाही! मार्लिस कोणी ओळखत नाही अशा लांबच्या गावी गेली आणि बाजारातून गोठवलेले वॉलाय घेऊन आली. चर्चच्या तळघरात, दार लावून, आम्ही खोकी फोडली. खोक्यावर छापलेलं होतं: कॅनडात पकडलेले.

सासऱ्यांनी ती ओळ वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग खोकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "तळायला घ्या."

मला हायसं वाटलं. खोटं बोलायचीही पाळी आली नव्हती! जन्मात पहिल्यांदा पाटी खरी ठरली होती, आणि ती माझ्यामुळे. मी स्वतः ताटं वाढली. सासरे पुढे उभे राहिले. नावेचं जाहीर करण्याआधी त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "मासे कसे आहेत?"

सगळे चावत होते. चावणं नेहमीपेक्षा जरा लांबलं. शेवटी कॉफीचं टेबल सांभाळणाऱ्या बर्निसबाईंनी काटा खाली ठेवला.

"यंदाचे जरा वेगळे आहेत, हॅल्वर," त्या म्हणाल्या.

याहून कठोर शब्द आमच्या चर्चमध्ये कधी उच्चारला गेलेला नाही. लोकांनी ताटात पाहिलं. पास्टरनी मीठ मागितलं.

"हे कॅनडाचे वाटत नाहीत," मागून कोणीतरी म्हणालं. "चिखलाचा वास येतोय."

सासरे हलले नाहीत. सगळ्यांच्या वरून त्यांनी मला शोधून काढलं.

"यंदाची सगळी व्यवस्था वेंडेलने केली होती," ते म्हणाले. "नाव ड्वेनला."

टाळ्या पडल्या. ड्वेनने मान हलवली. वाक्य काही खर्च केलं नाही.

पुढच्या वर्षी ड्वेनच्या नावेसाठी दोन्ही देशांचे परवाने मीच काढायचे आहेत, असं परस्पर ठरलंय. मला एकदाही विचारलं नाही, त्यामुळे नको म्हणायलाही मिळालं नाही. तक्रार कसली करू? त्या रात्री मीही तो मासा खाल्ला. दोन तुकडे. खरं सांगायचं, तर आपल्याकडच्या माशाची चव त्याला नव्हती.