दिंकाच्या छपरावरचा वारा

लोव्रेनं दिंकाला लग्नाचं विचारलं तेव्हा ती त्याच्याच कोटाची बाही उसवत होती. तोंडातल्या टाचण्या तिनं एकेक करून शिवणाच्या छोट्या उशीत खोचल्या आणि मग म्हणाली, "बाहेर यूगो वाहतोय. यूगोत कुणी असलं उत्तर देतं का? डोंगरवारा सुटला की विचार."

हे टाळणं नव्हतं. यूगो हा दक्षिणेचा दमट वारा. तो सुटला की आमच्या बेटावर डोकी जड होतात, नवराबायको जुनी भांडणं उकरून काढतात आणि शहाणा माणूस कशावरही सही करत नाही. जे काही ठरवायचं ते डोंगरवाऱ्यात, पलीकडच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या कोरड्या, गार वाऱ्यात. तेव्हा लोव्रे वाऱ्याची वाट बघू लागला. तो विधुर, ती विधवा, दोघांचीही साठी उलटलेली. आता वाट बघायची म्हणजे किती? शिवाय त्याचं घर खालच्या खळग्यात. तिथे वारा कळायचा तो फक्त शेजाऱ्याच्या धुराड्यावरून, आणि शेजारी निम्मा वेळ शिळंच खायचा. आपण झोपेत असताना डोंगरवारा येऊन निघून गेला तर, या धास्तीनं लोव्रेला घास गोड लागेना.

जन्मभर तो फेरीबोटीवर वायरमन होता. त्यानं एकाच बोर्डावर सगळा मावलेला, पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर मागवला आणि सोबत नखाएवढा चुंबकीय सेन्सर. बेत सरळ होता. पत्र्याच्या वातकुक्कुटाच्या, म्हणजे वाऱ्याबरोबर फिरणाऱ्या कोंबड्याच्या, दांड्याला खाली छोटा चुंबक चिकटवायचा आणि त्याच्याखाली सेन्सर बसवायचा. कोंबडा फिरला की चुंबक फिरेल, सेन्सर दिशा ओळखेल आणि कॉम्प्युटर ती फोनवर धाडेल. पण दोन वायरींची अदलाबदल झाली आणि सेन्सर जोडलाय हेच कॉम्प्युटर कबूल करेना. ते निस्तरलं तर चुंबक उलटा चिकटल्याचं कळलं. पूर्वेचा वारा पश्चिमेचा होऊन बसला होता. शेवटी प्रोग्राममध्ये एक वजाचं चिन्ह घालून लोव्रेनं पूर्व जागच्या जागी नेली.

बेटावरचं सगळ्यांत उंच छप्पर दिंकाचं. "लाव बाबा तुझा कोंबडा," ती म्हणाली, "फक्त कौलं फोडू नकोस." तिथवर नेट पोचायचं ते एकट्या श्पिरोच्या, धक्क्यावरच्या कॅफेतून. श्पिरो लोव्रेला सगळ्या तरण्यांसारखा बार्बा, म्हणजे काका, म्हणायचा. पण फुकट काही द्यायचा नाही.

"पासवर्ड देतो, बार्बा. पण वारा माझ्या टीव्हीवर दिसला पाहिजे. तेवढंच गिऱ्हाईक बसतं."

इथेच घोळ झाला. वारा अंगाला कळतोच, पण टीव्हीवर अक्षरांत आला की त्याला सरकारी वजन येतं. टीव्हीवर 'यूगो' आला आणि तो जाईचना. गवंड्यानं शाळेची भिंत अर्धी सोडून दिली. "टीव्ही बघा की," तो म्हणायचा. गावसमितीचा प्रमुख येरोलिम याला पाण्याच्या पंपाचं मतदान तसंही नकोच होतं; त्यानं सभा तहकूब केली. श्पिरोची सासू "यूगो ओसरला की जाते हं" असं म्हणून आली होती, ती आता पडदे बदलायला लागली.

बाहेर मात्र आभाळ घासूनपुसून लख्ख झालं होतं. दोरीवरच्या चादरी समुद्राकडे ताणल्या जात होत्या. हा डोंगरवारा आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. लोव्रे धापा टाकत दिंकाच्या दारात पोचला.

"दिंका, सुटला बघ वारा!"

"टीव्हीवर काय आहे?"

"अगं, टीव्हीचं काय घेऊन बसलीस? माझी टोपी उडाली आत्ता!"

"मशीन तूच लावायचं आणि त्याच्यावर विश्वास नाही हेही तूच म्हणायचं. असल्या माणसाला काय उत्तर द्यायचं? जा, वर चढून बघ. मी कॉफी टाकते."

मग रोज तेच सुरू झालं. लोव्रे शिडी लावून वर जाई, सेन्सरची डबी काढून घरी नेई. स्वयंपाकघराच्या टेबलावर वर एखादा चुंबक धरून फिरवला की सेन्सर शहाण्यासारखा बरोबर बोले. छपरावर बसवला की पुन्हा यूगो. त्यानं वायरी बदलल्या, प्रोग्राम नव्यानं लिहिला, कॉम्प्युटरच्या सात पिढ्या उद्धरल्या. प्रत्येक खेपेला खाली कॉफी असे, सुके अंजीर असत, आणि दिंका त्याच्या कोटाचं एखादं बटण घट्ट करून देई.

"काय बार्बा, आरवला का कोंबडा?" धक्क्यावर पोरं विचारत.

"घाई करू नका हो," येरोलिम दबक्या आवाजात सांगे. "पंप काय पळून जातोय?"

"बार्बा, पाया पडतो तुमच्या," श्पिरो म्हणे. "सासूबाईंनी काल माझी खुर्ची हलवली."

लोव्रेला मात्र हसू येत नव्हतं. सकाळी तो सवयीनं दोन कप मांडायचा आणि एक परत कपाटात ठेवायचा. त्याला दिंका हवी होती. आणि एवढ्याशा सेन्सरपायी सगळं अडलं होतं.

एका दुपारी तो डबी बसवत असताना हातातला स्क्रूड्रायव्हर आपणहून बाजूला ओढला गेला आणि कौलावर टक्कन चिकटला. लोव्रे बघतच राहिला. त्यानं ते कौल उचललं. खाली जुन्या रेडिओच्या स्पीकरमधला काळा, जाडजूड चुंबक ठेवलेला होता. त्याच्यापुढे दांड्यावरच्या चिमुकल्या चुंबकाची काय मात्रा चालणार! चुंबकाला रंगीत डोक्याच्या दोन टाचण्या चिकटल्या होत्या. जमिनीवर सांडलेल्या टाचण्या असल्या चुंबकानं गोळा करणारी बाई बेटावर एकच होती.

त्यानं तो काढल्याबरोबर खाली धक्क्यावर गलका झाला. "डोंगरवारा! सासूबाई, बोट लागलीय, बॅग मी घेतो!" हा श्पिरोचा आवाज होता. कुणीतरी समितीची घंटा बडवायला लागलं.

लोव्रे खाली उतरला आणि त्यानं तळहात पुढे केला. "हा वर कसा गेला?"

"मी नेला," दिंका कॉफी ओतत म्हणाली.

"तू? गुडघे धरलेत ना तुझे? शिडीवरून पडली असतीस म्हणजे!"

"नाही पडले."

"नको होतं तर तोंडानं नाही म्हणायचंस, दिंका. मी काय—"

"नाही कोण म्हणतंय?" ती एकदम भडकली. मग तिनं भांडं खाली ठेवलं. "माझ्या नवऱ्याला मी एका दुपारीत हो म्हटलं होतं. पुढच्याच महिन्यात तो जहाजावर गेला. सगळं आयुष्य खिडकीत काढलं मी, लोव्रे. एकदा हो म्हटलं की माणूस निर्धास्त होतो. तू निदान उत्तरासाठी तरी रोज येत होतास. भिंतीला तुझी शिडी टेकल्याचा आवाज आला की बरं वाटायचं मला. तो बंद होईल म्हणून भीती वाटली."

आपली फेरीबोट तर रोज संध्याकाळी परत यायची, हे लोव्रेच्या ओठांवर आलं होतं. पण त्यानं कॉफी संपवली, चुंबक उचलला आणि पुन्हा शिडी चढला.

खाली धक्क्यावर येरोलिमनं मतदानासाठी उचललेला हात खाली घेतला. श्पिरोच्या सासूनं बोटीच्या फळीवर ठेवलेला पाय काढला आणि ती पडद्यांकडे परत निघाली. गवंड्यानं थापी ठेवून दिली.

"यूगोच आहे," लोव्रे उतरून म्हणाला.

"मग विचार."

"यूगोत?"

"विचार म्हणते ना."

त्यानं विचारलं.

"हो," दिंका म्हणाली, आणि त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली. "पण हे यूगोतलं उत्तर आहे हं, धरायचं नसतं. उद्या परत येऊन विचारायला लागेल."