भानुदासकाकांचा डोक्याचा फोटो

आमच्या अंबडच्या गल्लीत भानुदासकाकांनी तुम्हाला गाठलं, की ते आधी स्वतःचा मेंदू सूर्याला दाखवतात! देवाशप्पथ! औरंगाबादला काढलेली सीटी स्कॅनची काळी फिल्म कायम त्यांच्या पिशवीत. दोन्ही हातांनी ती वर धरायची अन् विचारायचं, "बघ बरं, कुठं तडा हाय का? बिलकुल न्हाई! डाक्टर म्हन्ले, एकदम बराबर."

झालं असं, की घनसावंगीहून येताना जीप थांबायच्या आधीच काका टपावरून खाली आले. जखम चिमूटभर, घोटाळा मात्र मोठा. काका मोंढ्याच्या बाजारात हर्रास, म्हणजे मालाचा लिलाव, पुकारणारे, शंभर व्यापाऱ्यांना नावानिशी हाका मारणारे. आता माणूस समोर आला की नावच गायब! मी श्रीधर, वीस वर्षांपासूनचा शेजारी. मला कधी दिलीप म्हणतात, कधी नुसतं "अरे हे". डॉक्टरांनी सांगितलं होतं, फोटोत न दिसणारा मारही असतो, हळूहळू सुधारेल. काकांनी त्यातलं 'फोटोत काही न्हाई' एवढंच उचललं. लोक माघारी त्यांना खुळा म्हणायला लागले, तशी काकांची फिल्म आणखी उंच जायला लागली.

अशात काकांच्या लेकीचं डोहाळजेवण आलं. काय गर्दी, काय थट्टा! लेकीनं उखाणा घेतला, जावयानं घेतला, मंग बायकांनी काकांनाच घेरलं. "काका, तुम्ही पण नाव घ्या!"

काकूंचा चेहरा उतरला. आख्खा संसार नुसत्या "अगं"वर झालेला, गल्लीसाठी त्या काकूच. आज चारचौघांत नवऱ्याला बायकोचं नाव आठवलं नाही, तर त्या माउलीनं तोंड कुठं लपवायचं?

"थांबा," काका म्हणाले, "जरा फोटो बघून येतो."

मांडवभर हशा! काकांनी अंगणात जाऊन फिल्म उन्हात धरली, अन् मागं वळून हर्रासाच्या खणखणीत आवाजात पुकारलं,

"कापसाच्या मोंढ्यात पुकारला भाव,
सगळ्यांच्या पुढं घेतो कौसल्येचं नाव!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट! काकूंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, कुणास ठाऊक.

मी काकांच्या मागोमाग अंगणात आलो होतो. फिल्मच्या काळ्या कोपऱ्यात सुईनं खरडलेलं होतं, 'कौसल्या'. उजेडात धरलं तरच दिसणारं.

काकांनी माझी नजर पकडली. फिल्म गुंडाळत हळूच म्हणाले, "तिला सांगू नको. दिवसातून दहादा बघून राह्यलो. बाकीची नावं गेली तर जाऊ दे."