बारा नंबरचा कोंब

बारा नंबरच्या बटाट्याचा कोंब काल आठ मिलिमीटर होता. आज तो नव्हता.

सूनबाईने पट्टी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. बटाटा जागच्या जागी होता. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, अकरा आणि तेराच्या मधे, अंगावर शाईने लिहिलेला आकडा घेऊन निवांत बसला होता. फक्त कोंब नव्हता, आणि खुडल्याची खूणही नव्हती. उलट बटाटाच जरा गुटगुटीत वाटत होता.

तिच्या छातीत धस्स झालं. (तसं तिच्या छातीत धस्स व्हायला फारसं काही लागत नसे. दारावरची घंटा वाजली की ती दचके; पुष्कळदा ती घंटा तिनेच वाजवलेली असे.) पण या वेळी दचकण्याला कारण होतं.

बटाटे सासऱ्यांचे होते. सासरे निवृत्त ग्रंथपाल. चाळीस वर्षांत ग्रंथालयातलं एकही दुर्मीळ पुस्तक हरवलं नाही, हे ते जेवायला बसताना एकदा आणि हात धुताना एकदा सांगत. बटाट्यांचं वाण त्यांच्या थोरल्या भावाच्या बागेतलं. भाऊ गेला, बाग विकली गेली, तिथे आता मोटारींची गॅरेजं उभी आहेत. भावाचं म्हणून जगात उरलं होतं ते एवढंच, दरवर्षी परसात लावायचं, काढायचं आणि त्यातलं थोडं पुढच्या वर्षासाठी राखायचं. लावणीआधी तीन आठवडे ते बटाटे मागच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात, डोळे वर करून बसत. म्हणजे कोंब आखूड आणि दणकट येतात.

यंदा नेमकं त्याच वेळी नवऱ्याच्या आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. सासू-सासऱ्यांना आठ दिवस जाणं भाग होतं. निघताना बाबांनी सूनबाईला खिडकीपाशी बोलावलं आणि तिच्या हातात वही ठेवली.

"चाळीस नग आहेत. रोज सकाळी प्रत्येकाचा सर्वांत मोठा कोंब मोजायचा आणि इथे मांडायचा. तू शिकलेली आहेस, म्हणून तुझ्यावर सोपवतो."

मागे सासूबाई छताकडे बघत उभ्या होत्या.

लग्नाला चार महिने झाले होते. तोवर या घरात तिच्यावर "राहू दे गं, मी करते" या वाक्याखेरीज काहीही सोपवलं गेलं नव्हतं. तिने वही छातीशी धरली. बाबांनीही एक पिशवी छातीशी धरली होती आणि ती ते टॅक्सीवाल्याला हात लावू देत नव्हते. औषधं असतील, असं तिला वाटलं.

आणि चौथ्याच दिवशी बाराचा कोंब गेला.

"अरे, ऐक ना. बाराचा कोंब गेला."

नवरा बुटाची नाडी बांधत होता. तो छापखान्यात कामाला होता. पहाटे गेला की दुपारी दोनला परत. "कुठे गेला?"

"मला वाटतं, आत."

नाडी अर्धवट राहिली. "आत?"

"बटाटा फुगलाय बघ. कोंब आत ओढून घेतला असेल. कासव नाही का मान आत घेत?"

"असेल," तो म्हणाला. "थंडी केवढी पडलीय. माणूससुद्धा आखडतो."

चार महिन्यांत त्याने तिचं एखादं म्हणणं पहिल्या झटक्यात मान्य केलं होतं, असं हे पहिलंच. तिथेच संशय यायला हवा होता. पण तिला भरून आलं. तिने वहीत लिहिलं, 'बारा: कोंब नाही. प्रकृती स्थिर, पण चिंता वाटते.'

दुसऱ्या दिवशी पाच, एकोणीस, वीस आणि तेहेतीस यांनी कोंब आत घेतले. तिने नवऱ्याचा लोकरी स्वेटर काढून ट्रेवर पांघरला. नवरा सदऱ्यावरच कामाला गेला, ओठ निळे करून. तिसऱ्या दिवशी आणखी सात गेले. तिने मफलर वाढवला आणि गरम पाण्याची पिशवी दिली.

मग तिने बाबांना फोन लावला. बंद होता. बाबा फोन बंद करून चष्म्याच्या डबीत ठेवत, कारण ग्रंथालयात तसा नियम होता. तिने सासूबाईंना लावला. स्वयंपाकघरात अचानक काहीतरी खणखणलं आणि ती किंचाळली. सासूबाईंचा फोन फ्रिजवर राहिला होता.

सूनबाई एका दातांच्या दवाखान्यात दुपारी एक ते सहा फोन घ्यायचं काम करी. तिथे येणारा प्रत्येक फोन ती दुसऱ्या रिंगला उचले. आपला मात्र जगात कुणीच उचलत नाही, हे त्या दिवशी तिच्या फार मनाला लागलं.

दवाखान्याच्या वाटेत बियाण्यांचं दुकान होतं. म्हातारा दुकानदार खुरप्याच्या मुठी पुसत बसला होता.

"काका, बटाट्याचा कोंब परत आत जातो का हो?"

त्याने फडकं बाजूला ठेवलं. "बाई, बटाटा आहे का गोगलगाय?"

"थंडीने..."

"थंडीने नाही आणि उन्हाने नाही. एकदा आलेला कोंब आत जात नसतो. काय पांघरलंय त्यांच्यावर?"

"स्वेटर," ती हळूच म्हणाली.

"काढा तो. उजेड हवा त्यांना, ऊब नको. आणि कुणी बटाटा बदलतंय का बघा. घरात माणसं किती?"

"सध्या दोघंच."

"मग त्यातली तुम्ही नव्हे," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा मुठी पुसू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बाराला उचलून उजेडात धरलं. आकडा होता, शाईही तीच होती. पण आकड्यापुढे एक टिंब होतं. बाबा आकड्यापुढे टिंब देत नसत. तो हातात घेऊनच ती स्वयंपाकघरात गेली आणि तिची नजर फ्रिजवर चिकटवलेल्या यादीकडे गेली. '१. दूध. २. साबण. ३. बल्ब.' छापखान्यातली सवय. नवरा टिंब दिल्याशिवाय आकडा सोडत नसे.

ती दवाखान्यातून साडेतीनलाच सुटी घेऊन आली. नवरा स्वयंपाकघरात उभा होता. एका बाजूला उकडलेल्या बटाट्यांची ताटली, मीठ, मिरपूड. हातात भाजीच्या टोपलीतला एक बिनकोंबाचा बटाटा, आणि त्यावरची शाई वाळावी म्हणून तो फुंकर घालत होता.

"हे काय आहे?"

"सव्वीस," तो म्हणाला.

"तू बियाणं खातोयस!"

"अगं, हळू! चव घेऊन तरी बघ. बाजारचा बटाटा म्हणजे नुसता भुसा. हा कसा, लोण्यासारखा. डोळ्यांवर पट्टी बांध, काकांचा बटाटा मी जिभेवर ओळखीन. नऊ वर्षांचा असल्यापासून खातोय."

"दरवर्षी?"

"दोन-चार. यंदा घरात कुणी नव्हतं म्हणून जरा..."

"किती?"

"एकोणीस."

तिने खुर्ची ओढली आणि बसली.

"अगं, बाबांना कळणार नाही. आकडे घातलेत ना सगळ्यांवर."

"तुझ्या काकांचं एवढंच उरलंय रे," ती म्हणाली. "आणि ते त्यांनी माझ्या हातात दिलं होतं."

नवऱ्याने ताटली बाजूला सरकवली. हातातला वाळत आलेला सव्वीस नंबर त्याने दोघांच्या मधे ठेवला.

"सांगू नकोस ना," तो शेवटी म्हणाला. "नाहीतर चूक माझी म्हणून तरी सांग."

"तुझीच आहे!"

"तेच म्हणतोय मी."

पण तिने फोन हातात घेतला होता. खोटं बोलायचं म्हटलं की तिला उचकी लागत असे, त्यामुळे खरं बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तिने वाक्य पाठ केलं. 'बाबा, माझ्या देखरेखीखाली एकोणीस बटाटे गेले.' पहिल्यांदा लावला, बंद. पाचव्यांदा, बंद. बाराव्या वेळी तिला रडू आलं. चौदाव्या वेळी नवऱ्याने तिला पाणी आणून दिलं आणि स्वतःच पिऊन टाकलं. (ताटलीतला उरलेला बटाटाही त्याने त्याच ओघात संपवला, पण ते तिला दिसलं नाही.) सतराव्या वेळी रिंग वाजू लागली. वाजत राहिली. अठराव्या वेळीही वाजत राहिली.

एकोणिसाव्या वेळी कुणीतरी फोन उचलला.

"किती खाल्ले त्याने?" बाबांचा आवाज अगदी शांत होता.

पाठ केलेलं वाक्य तोंडातच राहिलं. "एकोणीस," ती म्हणाली.

"खाऊ दे. बाजारचे आहेत. खरं बियाणं माझ्यासोबत आहे, इथे आत्याच्या खिडकीत, कोंब छान आलेत. तो नऊ वर्षांचा असल्यापासून मी हेच करतो. शेल्फवर कधी मूळ प्रत ठेवायची नसते, बाळ."

"पण बाबा, मग मी रोज मोजत होते ते...?"

"ते मोजणं हिने काढलं. म्हणाली, पोर घाबरट आहे, सकाळभर घरात एकटी असेल. तिच्या हाती असं काहीतरी द्या, ज्यात घाबरण्यासारखं काहीच घडणार नाही."