नको म्हणणारे अण्णा

माणूस जन्मतः अस्सल असतो हे खरे. पण योग्य मार्गदर्शनाअभावी पुढे तो तसाच राहून जातो. लातूर शहराने ही उणीव फार लवकर ओळखली. ज्या गावात क्लास लावल्याशिवाय पोरगं धड नापासही होत नाही, तिथे स्वतःसारखं वागण्याचा अवघड विषय लोकांनी घरच्या घरी उरकावा, हे बरं दिसत नव्हतं. म्हणून आनंदराज सरांनी व्यापाऱ्यांसाठी ‘जसे आहात तसे’ क्लासेस काढले. फाउंडेशन बॅच, रिपीटर बॅच आणि दिवाळीच्या तोंडावर क्रॅश कोर्स. (स्वतःसारखे होण्यास उशीर झालेल्यांसाठी शनिवार-रविवार.)

निलंग्याचे मल्लिकार्जुन अण्णा या क्लासला गेले ते काही हौसेने नव्हे. बसस्टँडच्या रस्त्याला त्यांचं भांड्यांचं दुकान. माणूस सरळ, म्हणजे धंद्याला निकामी. गिऱ्हाइकाने हलकं भांडं उचललं की हे म्हणणार, “ते घेऊ नका, बूड पातळ हाय. महिन्यात जळंल.” गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जायचं आणि पुढच्या वेळी पुन्हा इथंच यायचं. मेस चालवणारी शिवकन्या तर वीस वर्षं त्यांच्या शब्दाबाहेर साधा चमचा घेत नव्हती. “अण्णांनी नको म्हटलं म्हंजे नको,” एवढंच तिचं अर्थशास्त्र.

पण समोर वीरेशने भांड्यांचं शोरूम काढलं आणि रोज मोबाईलपुढे उभा राहून “सोन्यासारखा माल, माझी गॅरंटी” म्हणून ओरडायला लागला. अण्णा माशा मारत बसले. त्यांच्या बायकोने, पार्वतम्मांनी, कपाळाला हात लावला.

“ओ, लोकं सोशल मीडियावर मनापासून बोलायलेत. तुमी हितं बसून मनातल्या मनात खरं बोलता. त्याचा काय उपेग?” असं म्हणून त्यांनी अण्णांना लातूरच्या एसटीत बसवून दिलं.

अभ्यासक्रम शास्त्रशुद्ध होता. आधी नैसर्गिक हसणे, मग नैसर्गिक अडखळणे (वाक्याच्या सुरुवातीला अडखळल्यास तयारी कमी दिसते, मध्ये अडखळल्यास भावना दिसते), आणि शेवटी आईची आठवण. ज्यांची आई हयात आहे त्यांना गावची आठवण चालत असे. पहिल्या चाचणीत ‘मी स्वतः’ या विषयात अण्णांना शंभरपैकी एकतीस पडले. शेरा होता : “विद्यार्थ्याचे स्वतःशी साम्य कमी.” त्याच पेपरात जळकोटच्या एका किराणावाल्याने अण्णांची नक्कल करून ऐंशी मिळवले. त्या दिवशी अण्णांना जेवण गेलं नाही.

मग कधीतरी सरांना त्यांच्या ‘घेऊ नका’चा पत्ता लागला. सर खुर्चीतून उठलेच. “अहो अण्णा, एवढी चीज जवळ आहे आणि तुम्ही ती खराब मालावर वाया घालवता?” सरांचं म्हणणं तर्काला धरून होतं. खराब मालाला नको म्हटलं तर गिऱ्हाईक ऐकतं आणि निघून जातं. चांगल्या मालाला नको म्हटलं तर ते भारावतं, हट्टाने घेतं, आणि माल चांगला असल्यामुळे तक्रारही येत नाही. आता यात खोटं कुठे आहे? अण्णांनी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. (फी भरलेल्या माणसाला सहसा सापडत नाही.)

पार्वतम्मांनी रील काढली. एका भक्कम पातेल्यापुढे हात जोडून अण्णा म्हणाले, “नका हो घेऊ, तुमच्या कष्टाचा... पैसा हाय.” बघता बघता ते जिल्हाभर ‘नको म्हणणारे अण्णा’ झाले. शिरूर अनंतपाळहून, जळकोटहून माणसं खास नकार घ्यायला एसटीने यायला लागली. एका बाईने डबा घेतला, पैसे दिले आणि पायरीवर बसून रडली, कारण गर्दीत तिला कुणी नको म्हटलंच नव्हतं. त्यानंतर व्यवस्था लावावी लागली. साधा नकार सर्वांना. हात जोडून नकार मोठ्या खरेदीवर. डोळ्यांत पाणी आणून नकार फक्त लग्नाच्या भांड्यांना, तोही आधी सांगून ठेवल्यास. पार्वतम्मांच्या पाहणीनुसार नकार मिळालेल्या शंभरातल्या सत्त्याण्णवांनी वस्तू घेतली. उरलेल्या तिघांना ऐकायला कमी येत होतं.

अशात कुकरचा एक लॉट आला, त्याचा सेफ्टी व्हॉल्व्हच धड नव्हता. कंपनीला परत पाठवायचा म्हणून अण्णांनी तो मागच्या फळीवर सारला. आणि शिवकन्येने नेमका त्यातलाच मोठा कुकर हेरला. तिच्या मेसमध्ये पोरं वाढली होती.

“शिवकन्या, तो नको घेऊ.”

ती हसली. “माज्यापुढं बी सुरू झालात व्हय अण्णा?”

“खरंच नको. फुटंल तो. तोंड-हात भाजंल तुजं.”

“फुटंल? हे नवीन काढलंय काय?” असं म्हणून तिने मोबाईल चालू केला.

अण्णांनी हात जोडले, तशा दुकानातल्या बाया कौतुकाने पुढे सरकल्या. मग त्यांच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी आलं. गल्ल्यावरून पार्वतम्मांनी खूण केली : उजेडाकडं तोंड करा. शिवकन्या गहिवरली. “हे तर लग्नवाल्यांना देता तुमी. मला एका कुकरवर दिलंत,” म्हणाली आणि कुकर काखेत मारून पायरीकडे निघाली.

अण्णा तिच्या वाटेत आडवे आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी धंदेवाल्यासारखं तोंड केलं.

“घेऊन जा मग. एक नंबर माल हाय. सोन्यासारखा. डोळे झाकून ने, माजी गॅरंटी.”

शिवकन्येचं हसू मावळलं. तिने मोबाईल बंद केला, कुकर हळूच खाली ठेवला.

“इतकी वर्सं तुमच्या शब्दावर चूल मांडली,” ती म्हणाली, “आन् मला बी गिऱ्हाईकच समजलात.”

ती गेली ती गेलीच. अण्णांना फार वाईट वाटलं आणि तिचा हात वाचला म्हणून फार बरंही वाटलं. दोन्हीचं मिळून ते फळीला टेकून कितीतरी वेळ रडले. तेव्हा कुणी मोबाईल काढला नाही, कारण लग्नाचं गिऱ्हाईक समोर नव्हतं.

कुकरचा लॉट कंपनीने परत घेतला आणि वाहतूक वाचावी म्हणून समोर वीरेशच्या शोरूमला दिला. वीरेश मधल्या काळात रिपीटर बॅच करून आला आहे. आता तो ओरडत नाही. हात जोडतो आणि बरोबर वाक्याच्या मध्ये अडखळतो. परवाची त्याची रील तुम्ही पाहिलीत. मोठा कुकर काखेत मारलेली एक मेसवाली त्याला म्हणते, “नको म्हणणारं माणूस एवढं एकच ऱ्हायलंय बगा निलंग्यात.” त्या रीलखाली लाल बदाम टाकून ‘अशी खरी माणसं आता कुठे मिळतात’ हे तुम्हीच लिहिलंत. (मनापासून लिहिलंत, ते दिसतं.)