मायाप्पाची तोडणी-यादी

मायाप्पा बंडगरसमोर 'पाऊस आला तर उद्या येत नाही' एवढं म्हणून पुढं जाता यायचं नाही. तो हातातलं काम थांबवायचा आणि विचारायचा, "आनि न्हाई आला तर?"

"न्हाई आला तर येतो की."

"मग तसं म्हना. अर्दं वाक्य कुनी पुरं करायचं?"

मी मूळचा कोरेगावचा, सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात शेती खात्यात कारकून. माझं टेबल मायाप्पाच्या टेबलाला लागून होतं. तीन वर्षांत माझी अर्धं वाक्य बोलायची सवय सुटली. बहिणीच्या लग्नाची पत्रिका त्याला देताना मी वर हातानं 'जमल्यास जरूर यावे' असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी पत्रिका माझ्या टेबलावर परत आली. खाली तांबड्या पेन्सिलीनं प्रश्न होता, 'न जमल्यास काय करावे?' मी 'न जमल्यास येऊ नये' असं लिहून दिलं. मग तो आला आणि तीन दिवस राहिला.

या माणसाचा हुद्दा प्रोग्रॅमर असा होता. आमच्या भागात तोवर कुणी दुसरा प्रोग्रॅमर पाहिलेला नव्हता. खरं म्हणजे पहिलाही पाहिलेला नव्हता. लग्नात माझ्या मामांनी त्याला विचारलं, "काय करता?"

"प्रोग्रॅम करतो."

"कसला? लावणीचा?"

"लावनीचाच. उसाच्या."

मामा सरसावून बसले. "बाया किती हायत?"

"बाया न्हाईत. कार्डं हायत."

कारखान्यात पत्त्याचा क्लब चालतो, असा मामांचा समज झाला आणि तो शेवटपर्यंत गेला नाही.

आपली माहिती कुणी विचारली की मायाप्पा उठून उभा राहायचा आणि साहेबापुढं द्यावी तशी द्यायचा. "मायाप्पा बिरू बंडगर. जतकडचा. लहानपन मेंढरांमागं. दोन वरसं माधवनगरला गिरनीत, सांजच्याला शाळा. बारा वरसं फौजेत, त्यातली पाच मशीनवर. आता हितं." एवढं झालं की बसायचा.

फौजेतल्या मशीनचं असं झालं. त्याच्या हापिसात भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणारं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, आलं, तेव्हा साहेबानं सगळ्यांना रांगेत उभं करून विचारलं, न चुकता मोजणारा कोण आहे? मायाप्पानं हात वर केला. "चालती मेंढरं मोजलेला मानूस मी," तो मला म्हणाला, "कागदावरचं आकडं तर हालत बी न्हाईत." तिथं तो प्रोग्रॅम लिहायला शिकला.

आमच्या कारखान्यात मशीन नव्हतं. ते पुण्याला होतं आणि भाड्यानं काही तास मिळायचं. मायाप्पा चौकटीच्या कागदावर प्रोग्रॅम लिहायचा, पुण्याला जाऊन त्याची कार्डं पाडून घ्यायचा, ती मशीनला घालायचा आणि छापलेली यादी घेऊन एसटीनं परत यायचा. कार्डांचा खोका मांडीवर असायचा. एकदा सातारा स्टँडवर तो खोका पडला. कार्डांचा क्रम मोडला तर प्रोग्रॅम मोडतो, म्हणून यानं फलाटावरच बैठक मारली आणि एकेक कार्ड बघून लावायला लागला. एक बाई समोर येऊन बसली आणि पोरीचं लग्न यंदा जमेल का म्हणून विचारू लागली.

"न्हाई जमलं तर?" मायाप्पानं विचारलं.

बाईनं थोडा विचार केला. "तर शिवनकाम शिकंल."

"मग काळजी कशाची?"

बाई नमस्कार करून गेली.

ही सगळी यातायात तोडणीच्या यादीसाठी होती. कुणाचा ऊस आधी तोडायचा, कुणाचा नंतर, ते या यादीवर ठरतं. पूर्वी ती आम्ही हातानं करायचो. ज्यानं आधी लावला त्याचा आधी तोडायचा, असा नियम होता आणि तो भिंतीवर लावलेलाही होता. यादी मात्र दर साली अशी निघायची, की संचालकांचा ऊस वर. हे कसं व्हायचं ते आम्हाला कधी कळलं नाही; यादी आम्हीच लिहायचो.

मशीनची पहिली यादी लागली आणि दुसऱ्या दिवशी एक संचालक कचेरीत आले. त्यांना सगळे आबा म्हणत.

"बंडगर, माझं नाव अकराव्या पानावर हाय."

"व्हय आबा. वरनं चौथं."

"मी संचालक हाय, हे मशीनला ठावं न्हाई व्हय?"

"ते इचारतच न्हाई. लावन कवा केली, एवढंच इचारतं."

"मग सांग की त्येला."

"सांगतो." मायाप्पानं चौकटीचा कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या. "'शेतकरी संचालक असेल तर त्याचा ऊस आधी तोडावा. नसेल तर लावणीच्या तारखेनं तोडावा.' खाली सही करा. नियम बदलला की यादीच्या डोक्यावर छापून गावोगाव लावावा लागतो."

आबांनी कागद दोनदा वाचला. "ते 'नसेल तर' कशाला घातलं?"

"घालावं लागतं, आबा."

आबांनी पेन काढलं, टोपण उघडलं, परत लावलं आणि म्हणाले, "चहा सांगा."

मायाप्पाची नोकरी जाणार, असं आम्ही महिनाभर बोलत होतो. ती गेली नाही, कारण ती यादी दुसऱ्या कुणाला काढता येत नव्हती. आबांचा ऊस पाळी आली तेव्हा, हंगामाच्या शेवटी मार्चात तुटला.

दुसऱ्या हंगामात यादीत शेवटी एक नवा रकाना आला. 'रान रिकामं', आणि खाली प्रत्येक नावापुढं 'होय' किंवा 'नाही'. तोडणीनंतर खोडवा न ठेवता, उसाचे बुडखे मोडून जे रान मोकळं राहणार, त्यापुढं 'होय'. शेती अधिकाऱ्यांनी विचारलं, हे कुणी मागितलंय? मायाप्पा म्हणाला, "लागतं." अधिकाऱ्यांना मशीनला लागतं असं वाटलं आणि त्यांनी सही केली.

मला खरी गोष्ट त्याच्या पुढच्या हंगामात एका शनिवारी कळली. "साळुंखे, उद्या सायकल काढा," मायाप्पा म्हणाला. "म्हाताऱ्याकडं जाऊया."

त्याला वडील आहेत हे मला ठाऊक नव्हतं. सांगण्याच्या माहितीत ते नव्हते. रस्त्यानं त्यानं तुटक तुटक सांगितलं. पंधराव्या वर्षी मेंढरं माळावर सोडून तो माधवनगरला पळाला. त्याच दुपारी कळपात लांडगा पडला. अकरा मेंढरं गेली. तेव्हापासून बाप त्याच्याशी बोलत नव्हता. दरसाल दिवाळी झाली की म्हातारा मेंढरं घेऊन जतकडून कृष्णाकाठी उतरायचा. रिकाम्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा, ते रान झालं की पुढं. पत्ता कसला नसायचाच. मायाप्पा यादी बघून, कुठलं रान कधी मोकळं होतंय ते काढायचा, मालकाला विचारून ठेवायचा आणि तोडणीच्या मुकादमाकरवी म्हाताऱ्याला निरोप द्यायचा. नाव सांगायचं नाही, अशी मुकादमाला ताकीद होती. स्वतः रविवारी सायकलीवर जाऊन रस्त्यावरनंच बघून यायचा.

"खाली का न्हाई गेला?"

"काय बोलू, ते ठरंना," तो म्हणाला.

म्हातारा बांधावर बसला होता. मायाप्पा त्याच्यापासून चार हातांवर बसला. मी मध्ये बसलो. दोघंही मेंढरांकडं बघत होते. म्हणून मीच म्हणालो, "मी साळुंखे. ह्यांच्याबरोबर कारखान्यात असतो."

"बरं," म्हातारा मला म्हणाला. "प्रकरती बरी हाय का ह्येची?"

"बरी हाय," मी म्हणालो.

"त्यास्नी इचारा, गुडघा दुकतोय का अजून," मायाप्पा मला म्हणाला.

"दुकतो म्हनावं," म्हातारा मला म्हणाला.

असं बराच वेळ चाललं. ऊन कलायला लागलं. म्हाताऱ्यानं कुत्र्याच्या पाठीवरनं हात फिरवला. "दोन सालं झाली, मुकादम निरोप आनतोय. एक बी रान चुकीचं न्हाई निगालं. मला काय कळत न्हाई व्हय?" हेही तो मलाच म्हणाला. मग म्हणाला, "इचारा त्येला, आता फुडं कुठं बसू."

यादी माझ्या पिशवीत होती. मी ती काढेपर्यंत मायाप्पा बोलायला लागला होता. "वड्याच्या पल्याड पाटलांचं रान. बुधवारी मोकळं हुतंय."

"पानी?"

"वड्याला हाय. मार्चपातुर पुरंल."

"रस्ता लागतो का मदी? कोकरं ल्हान हायत."

"लागतो. सकाळच्याला गाड्या कमी असत्यात. मी येतो बुधवारी. एका अंगाला मी हुबा ऱ्हातो."

"रजा मिळंल?"

"घेतो."

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि मेंढरांतलं कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, ते बोटानं दाखवायला लागला. मायाप्पा बघायला पुढं सरकला. मी मध्ये बसलो होतो, त्यामुळं त्याला नीट दिसत नव्हतं. मी उठलो आणि सायकलीत हवा आहे का बघायला गेलो.