हैबती मास्तरांची नवी चीज

बँड बंद पाडायची हौस असलेला बँडमास्तर तुम्ही पाहिला नसेल. आमच्या उंब्रजला होता. ऐन वरातीत, नवरदेव घोड्यावर फुगून बसलेला, करवल्या नटूनथटून पुढे चाललेल्या, आणि हैबती मास्तर एकदम उजवा हात वर करून मूठ आवळायचे. मूठ आवळली की सगळं गप्प. नवरदेवाचा मामा तणतणत यायचा, "मास्तर, काय बिघडलं?" मास्तर शांतपणे सांगायचे, "बिघडलं न्हाई, थांबलंय. वाजवतं कुणीबी. थांबाय शिका." मग मूठ सोडायचे आणि बँड होता तिथून पुढे चालू.

मी त्या बँडात मोठा ढोल वाजवायचो. धंदा बांगड्यांचा. दिवसभर काच जपायची आणि रात्री ढोल बडवायचा, असं माझं चाललेलं. मास्तर म्हणायचे, "कासार, तुझा हात लय भितोय. ढोल हाय त्यो, सवाष्णीचं मनगट न्हवं."

स्वतः मास्तर मात्र काहीच वाजवत नसत. पहिल्या लढाईत ते पलटणीच्या बँडात कॉर्नेट वाजवायचे. कॉर्नेट म्हणजे आखूडसं पितळी बिगूलच, पण गाणारं. पुढे एका खेचराने लाथ मारून त्यांचे वरचे दात पाडले आणि फुंक गेली. "जर्मनाला भ्यालो न्हाई, खेचरानं हरवलं," असं सांगून ते स्वतःच बोळकं उघडून हसायचे. ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळायचं नाही.

गेलेली फुंक त्यांनी शिवाच्या छातीत भरली. शिवा सोनावैनींचा एकुलता एक. पेठेच्या कोपऱ्यावर त्यांचं घर, नवरा आधीच गेलेला. रोज सकाळी उंबऱ्यावर बसून शिवा कॉर्नेटवर भैरवीतली एक धून घोटायचा आणि अर्धी पेठ त्या सुरावर तोंड धुवायची. दुसरी लढाई लागली, तेव्हा तो पलटणीच्या बँडात जायचं म्हणू लागला. वैनी तयार होईनात. तेव्हा मास्तरांनी त्यांच्या ओट्यावर बसून शब्द दिला, "वैनी, बँडवाल्याला गोळी लागत न्हाई. त्यो आपला मागं. सायेब जेवाय बसला की वाजवायचं, एवढंच काम."

लढाई पेटली की बँडवाल्यांची वाद्यं काढून घेतात आणि जखमी उचलायला डोली देतात, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? पहिल्या लढाईत त्यांनीही डोली वाहिली होती. पण शिष्याला जायचं होतं, आणि गुरूला आपली फुंक मोठ्या बँडात गेलेली बघायची होती. शिवा इटलीत डोली उचलतानाच गेला.

आमच्याकडे रीत आहे, मयत झालेल्या घरासमोर वाजंत्री थांबतात. वर्ष सरलं की पुन्हा वाजतं. सोनावैनींच्या दारात मास्तरांनी मूठ आवळली ती वर्ष सरलं, लढाई सरली, तरी सोडली नाही. वरात कोपऱ्यावर आली की बँड गप्प. नुसते पाय वाजायचे. घर मागे पडलं की पुन्हा सुरू.

माझ्या दुकानात बायका बोलायच्या. "त्या दारात बाजाबी मुका हुतोय, काय तरी असंल बाई." एकीने तर नवऱ्या मुलीला त्या दारावरून जाताना तोंड फिरवायला लावलं. मी हे मास्तरांच्या कानावर घातलं. "बायकांस्नी काय कळतंय? मान हाय त्यो," एवढंच म्हणाले आणि क्लॅरोनेटवाल्या नानाला विनाकारण झापलं.

त्याच वर्षी मास्तरांना नव्या चिजेचं वेड लागलं. तालीम गुऱ्हाळाच्या छपरात. नानाला हुकूम झाला, उसाच्या घाण्याची करकर क्लॅरोनेटवर काढ. नाना म्हणाला, "मास्तर, ही करकर गाव फुकाट ऐकतंय. वर आपून कशाला?" माण भागातून दोन धनगर त्यांच्या ढोलांसकट आणले. त्यांना खुर्चीत बसवलं की वाजवता येईना, उभं केलं की ते नाचतच लांब जायचे. आगगाडी होती, मोट होती, पहाटेचं जातं होतं. आणि मधोमध मास्तरांची मूठ. चांगली लांबलचक. कुणी खोकायचं नाही.

"हितं कोण वाजवायचं?" मी विचारलं.

"कुणी न्हाई. शिवाची भैरवी हाय हितं. त्याची जागा दुसऱ्याला देत न्हाई मी."

जत्रेत छबिना फिरून पालखी देवळात गेली की पटांगणात बँड वाजायचा. त्या वर्षी रात्र बरीच झालेली, गॅसबत्त्या फुसफुसत होत्या, निम्मी पोरं आयांच्या मांडीवर झोपलेली. आधी आम्ही लोकांच्या आवडीचं दिलं. भूप झाला, मालकंस झाला. मालकंसाला तर पाटलांनी मांडी बदलली, म्हणजे फारच खूश. मग मास्तर पुढे आले, "आता नवं हाय. शेवटापतोर बसा, एवढंच मागणं हाय." एवढ्या वर्षांत मी त्यांना काही मागताना ऐकलं नव्हतं.

घाण्याच्या करकरीला लोक हसले. धनगरांच्या ढोलाला माना डोलल्या. आणि ती जागा आली. मूठ वर गेली, सगळं गप्प.

पाटलांना वाटलं, संपलं. ते उठले, मास्तरांच्या गळ्यात हार घातला आणि आभार मानायला लागले. झालं. लोकांनी घोंगड्या झटकल्या, गाड्या जुंपायला माणसं धावली. मास्तर तसेच. गळ्यात हार, मूठ वर, नजर शिवाच्या नावाने मांडलेल्या रिकाम्या खुर्चीवर. आम्हीही वाद्यं धरून तसेच बसलो. मला इतकं वाईट वाटलं की ढोलाआड तोंड लपवता आलं याचं बरं वाटलं.

बायकांतून सोनावैनी उठून आल्या.

"मास्तर, हितं शिवा वाजवनार व्हता न्हवं?"

"व्हय वैनी."

"मग माझ्या दारात का गप्प बसतासा?"

"मान हाय त्यो, वैनी. त्याचा."

"तुमच्या मानापायी माझ्या दारावरनं नवरीचं तोंड फिरवत्यात. बारशालाबी कोण बोलवत न्हाई आता. माझं पोर वाजवत मोठं झालं, मास्तर, अन् त्याचं घर तुमी मुकं करून ठेवलंसा. एकदा इचारायचं तरी."

मास्तरांची मूठ खाली आली. "गोळी लागत न्हाई म्हनून मीच तुमास्नी..."

"त्ये ठावं हाय मला. लय राग केला तुमचा. किती दिस करनार?" वैनींनी पदर खोचला. "चला. घरला जाताजाता वाजवा."

तशा अपरात्री आम्ही कोपऱ्यावर गेलो. वैनींनी कंदील उंबऱ्यावर ठेवला आणि शेजारी बसल्या, शिवा बसायचा तिथेच. नवी चीज पहिल्यापासून सुरू झाली. घाणा झाला, जातं झालं. शेजारपाजारची दारं उघडली. मग ती जागा आली आणि मास्तरांनी मूठ आवळली.

कुणी खोकलं नाही. वैनी मान हलवत होत्या, अगदी बारीक, ठेका धरल्यासारखी. मधेच थांबल्या.

"हितं चुकायचा त्यो," त्या म्हणाल्या.

"व्हय," मास्तर म्हणाले. "दर डाव. वरचा सूर धरायचा अन् दम सोडायचा. किती सांगितलं, पर..."

त्यांचा हात खाली येईना. आम्ही त्या मुठीकडे बघत उभे, आणि ती काही सुटेना. लोकांना थांबायला शिकवता शिकवता म्हातारा स्वतःच तिथे अडकून पडला होता, आणि त्याला सोडवणं आमच्यापैकी कुणाच्या हातात नव्हतं.

वैनींनी कंदिलाची वात जरा मोठी केली.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "झालं त्याचं वाजवून. चालू द्या आता."

मूठ सुटली आणि मी ढोलावर टोला टाकला.